साहेब न भेटलेले तोरणमाळ

थंड हवेचे ठिकाण म्हटले की पुण्यामुंबईच्या माणसाला महाबळेश्वर नाहीतर माथेरान आठवते. माथेरान १८५० साली ठाण्याचे कलेक्टर मॅलेटसाहेब यांनी हेरले. मग तेथे बंगले उठले, पॉइंटांना इंग्रजी नावे मिळाली. तोरणमाळ उंचीने माथेरानपेक्षा वरचढ, सुमारे १,१५० मीटर. पण त्याला असा साहेब भेटला नाही. हे त्याचे दुर्दैव की सुदैव, याचा निकाल वाचकांनीच करावा.

सुरत-भुसावळ लोहमार्गावर नंदुरबारला उतरायचे, शहादे गाठायचे आणि तेथून सातपुड्याकडे तोंड करायचे. पूर्वीच्या पश्चिम खानदेशातला हा मुलूख पुढे धुळे जिल्ह्यात होता. १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. सपाटीवरची केळी आणि ऊस मागे पडले की सातपायरीचा घाट लागतो. वळणे अशी की आमच्या मंडळींनी खिडकीबाहेर पाहायचेच सोडून दिले!

वर पोचल्यावर मात्र सारा शीण उतरतो. समोर यशवंत तलावाचे विस्तीर्ण पाणी, पलीकडे कमळांनी भरलेला दुसरा तलाव. सीताखाईच्या कड्यावर उभे राहिले की बोलणे आपोआप थांबते; पावसाळ्यात तेथे धबधबा कोसळतो. गोरखनाथांच्या मंदिरात महाशिवरात्रीला यात्रा भरते, तेव्हा महाराष्ट्र, गुजरात आणि मध्य प्रदेश अशा तीन प्रांतांची माणसे या पठारावर येतात. जवळच मच्छिंद्रनाथांची गुहा आहे. तोरण नावाच्या झाडांवरून गावाला नाव पडले म्हणतात. कोणी तोरणादेवीचे नाव सांगतात.

पण तोरणमाळ म्हणजे तलाव आणि कडे एवढेच नव्हे. हा मुलूख पावरा आणि भिल्लांचा. पावऱ्यांचे गाव आपल्यासारखे दाटीवाटीचे नसते; ज्याचे घर त्याच्या शेतात. उन्हाळ्यात कैऱ्या सोलून, फोडी करून अंगणात वाळत घालतात. आपल्या स्वयंपाकघरात चिमूटभर पडणाऱ्या आमचुरामागे केवढे हात राबतात, हे तेथे कळते.

याच अक्राणी तालुक्यात अस्तंब्याचे शिखर आहे. धनत्रयोदशीच्या सुमारास हजारो माणसे रात्रीबेरात्री ते चढतात. अश्वत्थामा तेथे कपाळीच्या जखमेसाठी तेल मागत भटकतो, अशी श्रद्धा आहे. आपण दिवाळीत अभ्यंगाचे तेल जिरवत असतो, त्याच दिवसांत!

आणि दिवाळी सरली की दुसरी यात्रा सुरू होते. ती उतरणीची. कित्येक कुटुंबे मुलाबाळांसह गुजरातेत ऊसतोडीला जातात. आमची गाडी हवा खायला घाट चढत होती, तेव्हा समोरून अशीच एक जीप आली. टपावर भांडी आणि गोधड्या, आत माणसांवर माणसे. एका पोराने मला हात केला. मीही केला; पण पुढची दोन वळणे मला थंड हवेचे फारसे कौतुक वाटेना.

"परत केव्हा येतात?" मी ड्रायव्हरला विचारले.

"होळीला, भाऊ. होळी कोणी चुकवत नाही."

म्हणून जायचेच तर होळीच्या दिवसांत जावे. ढोल वाजत असतात, घरे भरलेली असतात. कैऱ्यांच्या मोसमात गेलात तर आमचूर धडगावच्या बाजारातून, वाळवणाऱ्या बाईच्याच हातून घ्यावा, आणि भावात घासाघीस करू नये.