किल डॅश नाइन

रात्रीचे दीड. सकाळी दहाची डेडलाइन. आणि लॅपटॉप ढिम्म! गोल चक्र फिरतंय, मी दात-ओठ खातेय. होतं ना तुमचंही असं?

त्या रात्री मी जे केलं, ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो. माझ्या जुन्या लॅपटॉपवर मावसभावाने लिनक्स टाकून दिलंय. त्यातली एकच कमांड मला तोंडपाठ होती. ‘किल डॅश नाइन’. पुढे प्रोसेसचा नंबर, एंटर, खेळ खलास. मी ती थेट टायपिंगच्या सॉफ्टवेअरवर चालवली. एका निवृत्त टेलिफोन ऑपरेटर आजींशी झालेल्या तीन तासांच्या गप्पा त्यात होत्या. अर्ध्याअधिक सेव्ह न केलेल्या. ऑटोसेव्ह मीच बंद केलेलं. आणि टाइप झालंय म्हणून रेकॉर्डिंग संध्याकाळीच डिलीट मारलेलं.

रडतच दादाला फोन लावला.

‘‘अगं वेडे, आधी पंधरा द्यायचा असतो!’’

म्हणजे असं, की किल हे नावच फसवं. ती कमांड फक्त सिग्नल पाठवते. नंबर दिला नाही तर जातो १५. त्याचा अर्थ, ‘बाबा रे, आता आवरतं घे.’ प्रोग्रॅमला फाइल बंद करायला, पसारा आवरायला संधी मिळते. सगळं वाचेलच याची गॅरंटी नाही, पण संधी तरी मिळते. ९ मात्र प्रोग्रॅमपर्यंत पोचतच नाही. सिस्टिम त्याला परस्पर उचलून बाहेर फेकते.

‘‘आणि तो हँग झालाय हे तू ठरवलंस कशावरून? ‘टॉप’ चालवून बघ.’’

बघितलं. मेमरी खात बसला होता ब्राउझर! माझेच चाळीसेक टॅब. बिचारं टायपिंगचं सॉफ्टवेअर नुसतं रांगेत ताटकळलं होतं. चोर सोडून मी संन्याशाला फाशी दिली होती.

दादाने मग ‘नाइस’ही शिकवलं. उणे २० ते १९ असा आकडा असतो. आकडा जितका मोठा, तितकी ती प्रोसेस सोशीक. आधी इतरांना पुढे जाऊ देते. गंमत म्हणजे साधा युजर स्वतःच्या प्रोसेसचा आकडा वाढवू शकतो, पण कमी करायचा तर सहसा अ‍ॅडमिनच लागतो. पेमेंटच्या रांगेत उभ्या फ्रीलान्सरला हे वेगळं सांगायला नको!

सकाळी संपादकांना खरं सांगितलं. बोलणी खाल्ली, दोन दिवस मिळाले. मग आजींना घाबरत फोन केला. त्या म्हणाल्या, ‘‘ये की. आमचीही लाइन मध्येच तुटायची. पुन्हा जोडून द्यायचो.’’ पुन्हा तीन तास बसलो. काही किस्से परत आले, काही नाहीच आले. ते गेले ते गेलेच.

निघताना मोबाइल बघितला. आईचे सात मिस्ड कॉल. एरवी मी झटकन कट करते आणि विसरते. या वेळी मेसेज टाकला, ‘कामात आहे गं, तासाभरात करते.’

पंधरा नंबर. आणि तासाभराने खरंच केला.