अर्थाचा अनर्थ

आमच्या पुंडलिकनगरातल्या गल्लीत रविवारी सकाळी गजर लावावा लागत नसे. बरोब्बर सात वाजता अण्णा, म्हणजे आमचे तीर्थरूप, आपली प्रीमियर पद्मिनी सुरू करीत. 'खर्रर्र, भुर्रर्र' असा एकच आवाज होई आणि कोपऱ्यावरचा चहावाला त्या आवाजावर दुसरं आधण ठेवी. गेल्या दिवाळीनंतर मात्र हा सूर बिघडला. 'ऊंऽऽ... ऊंऽऽ... ऊंऽऽ...' गुडघे धरून माडी चढणाऱ्या म्हातारीसारखा. चार पायऱ्या, विसावा, पुन्हा दोन पायऱ्या.

गाडी १९८४ ची, कुर्ल्याला बनलेली. वालचंदशेठनी काढलेल्या कंपनीतून १९६४ पासून 'फियाट ११०० डिलाइट' म्हणून निघणारी ही गाडी दहाएक वर्षांनी चितोडच्या राणीचं नाव लावून पद्मिनी झाली. इंजिन उणंपुरं १०८९ सीसीचं. पण अण्णांना विचाराल तर ती स्पोर्ट्स कार! "अरे, मद्रासजवळ शोलावरमच्या धावपट्टीवर ह्याच फियाट शर्यतीत पळायच्या," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, आणि ते खरंही आहे. आमची मात्र गजानन महाराजांच्या मंदिरापर्यंत धावते आणि दर्शन घेऊन परत येते.

मी पडलो बँकेतला कारकून. मला गाडीकडे बघितलं की गाडी दिसत नाही, खर्चाची बाजू दिसते. अण्णांचं वय ७९, गाडीचं चाळिशीपार. दोघांपैकी एकाला तरी घरी बसवावं म्हणून मी गुपचूप गिऱ्हाईक शोधत होतो. घर विकायचं तर आधी चुना मारावा, तसा मी दिवाळीत गाडीला स्वखर्चाने नवा रंग काढून घेतला. अण्णांनी विचारलं, "हे कशाला?" मी म्हणालो, "तुमच्या वाढदिवसाची भेट." खोटं बोलताना माझी जीभ अडखळत नाही. वीस वर्षं काउंटरवर बसून "साहेब आत्ताच बाहेर गेले" म्हणायची सवय आहे.

आणि नेमका तेव्हापासून हा 'ऊंऽऽ' सुरू झाला.

गल्लीत गाडी एक असली तरी मेकॅनिक घरटी दोन असतात. पहिलं निदान बॅटरीचं झालं. मी नवीकोरी बॅटरी आणून बसवली. म्हातारी त्याच चालीने माडी चढत राहिली. मग मिस्त्री आला. डोळे मिटून त्याने आवाज ऐकला आणि म्हणाला, "साहेब, सेल्फ गेला. आरमेचर, बुश, कार्बन, समदं बघावं लागंल." आपल्याकडे स्टार्टरला सेल्फ म्हणतात. सेल्फ गेला म्हणजे आत्माच गेला की हो! गिऱ्हाइकाने फोनवरच वीस हजार कमी केले.

शेवटी समोरचे काका आले. वीज मंडळात लाइनमन होते, आता निवृत्त आहेत. हातात मीटर. म्हणाले, "बॅटरीत किती आहे ते सांगू नकोस. सेल्फला किती मिळतं ते सांग. पैठणला नाथसागर भरला म्हणून तुझा हंडा भरतो का?"

हे मात्र आमच्या शहरात कोणालाही पटावं.

काकांनी आधी कॉइलची वायर काढली, म्हणजे इंजिन फिरावं पण सुरू होऊ नये. गाडी न्यूट्रलमध्ये. किल्ली फिरवायला अण्णा, मीटर धरायला काका, आकडे लिहायला मी. गाडी उभी असताना बॅटरी १२.६ व्होल्ट, म्हणजे ठणठणीत. सेल्फ मारताना बॅटरीच्या दोन टोकांवर १०.६. तेही ठीक. पण त्याच वेळी खाली सेल्फच्या टोकावर आणि त्याच्या अंगावर मीटर लावला तर ८.४!

"दोन पॉइंट दोन कमी!" मी ओरडलो. बँकेत कॅश कमी भरल्यावर ओरडतो तसाच. आता मी माझ्या घरच्या मैदानावर होतो. कॅश कमी भरली तर कोणी तिजोरी बदलत नाही. एकेक व्हाउचर तपासायचं.

पहिलं व्हाउचर : बॅटरीच्या धन टोकापासून सेल्फपर्यंतची जाड वायर. गळती ०.३. किरकोळ. दुसरं : इंजिनापासून बॅटरीच्या ऋण टोकापर्यंतची परतीची वाट. गळती १.९! ०.३ अधिक १.९ अधिक ८.४, बरोबर १०.६. टॅली लागली!

काका म्हणाले, "अर्थ नाही."

"कशाला?"

"गाडीला. अर्थिंग नाही बाबा."

तीन वर्षं कॉमर्स कॉलेजात अर्थाचेच धडे गिरवले, पण हा अर्थ सुटला होता. वीज जाते तशी तिला परतही यावं लागतं. इंजिन बसलेलं असतं रबरावर, म्हणून ते बॉडीला जोडायला तांब्याची एक विणलेली पट्टी असते. दिव्यांना थोडेच अँपिअर पुरतात, म्हणून दिवे लखलखीत. सेल्फ दीडशे मागतो. तिथे ओहमच्या शंभराव्या भागाएवढा अडथळासुद्धा दीड व्होल्ट खाऊन टाकतो.

पट्टीचा बोल्ट काढला. खाली पत्रा नव्हताच. होता गुळगुळीत, चकचकीत, माझ्या खर्चाने दिलेला रंग! रंगाऱ्याने पट्टी सोडली, झकास हात मारला आणि रंगावरच पट्टी आवळली. आता बिचारी वीज परत येणार कुठून?

पॉलिश पेपरने रंग घासून पत्रा उघडा केला, बोल्ट आवळला, वर ग्रीस लावलं. कॉइलची वायर जोडली. अण्णांनी किल्ली फिरवली.

खर्रर्र, भुर्रर्र!

काका मीटर गुंडाळून गेले. अण्णा स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत बसले होते. तसेच म्हणाले, "रंग विकायसाठी काढला होतास. ठाऊक होतं मला."

"मग बोलला का नाहीत?"

"तू वाढदिवस म्हणालास. बरं वाटलं."

ह्यावर काय बोलावं ते काउंटरवर शिकवत नाहीत. मी शेजारच्या सीटवर जाऊन बसलो. संध्याकाळी गिऱ्हाइकाचा फोन आला. ते कापलेले वीस हजार परत द्यायला तयार होतं. मी म्हणालो, "साहेब आत्ताच बाहेर गेले." आणि ते खरं होतं. साहेब गाडी घेऊन मंदिराला गेले होते.

राहता राहिली ती विनाकारण घेतलेली बॅटरी आणि तो रंग. हा खर्च कुठे दाखवावा ह्यावर मी बराच विचार केला. तूर्त दोन्ही रकमा 'अण्णांच्या वाढदिवसाची भेट' ह्या खाती टाकल्या आहेत.