पल्सारचे गॅमा किरण नेमके कुठले?

५ ऑक्टोबर २०२४, शनिवार
काल लडाखमध्ये हानले इथं गॅमा किरणांच्या 'मेस' दुर्बिणीचं उद्घाटन झालं. दुर्बीण बीएआरसीची, म्हणजे आम्हा मानखुर्दकरांच्या शेजारघरची. आरसा २१ मीटर व्यासाचा, जागा समुद्रसपाटीपासून जवळपास ४,३०० मीटरवर. बातमी वाचून ऊर भरून आला.

गॅमा किरण जमिनीपर्यंत पोचत नाही. वरच्या हवेत आदळला की कणांची सर कोसळते आणि निळसर प्रकाश चमकून जातो, सेकंदाच्या काही अब्जांश भागापुरता. मेस टिपते ती ही चमक. टीआयएफआरच्या मंडळींनी १९७०च्या दशकात उटीला याच चमकेच्या मागावर पल्सारकडे, म्हणजे संपलेल्या ताऱ्यांच्या गरगर फिरणाऱ्या अवशेषांकडे, आरसे रोखले होते.

९ ऑक्टोबर, बुधवार
शेजारची बारावीतली मुलगी विचारत होती, "काका, तारा तर संपलाय, मग एवढी ऊर्जा येते कुठून?"

फिरण्यातून. क्रॅब पल्सार हा १०५४ साली चिनी निरीक्षकांनी नोंदवलेल्या स्फोटाचा अवशेष. जेमतेम वीसेक किलोमीटर व्यासाचा गोळा, सेकंदाला ३० गिरक्या घेतो. गिरकी अगदी हळूहळू मंदावते आहे आणि तीच ऊर्जा बाहेर पडते.

१३ ऑक्टोबर, रविवार
खरा पेच जागेचा. पल्सारचे गॅमा किरण ताऱ्याच्या ध्रुवांलगत जन्मले असते, तर तिथल्या प्रचंड चुंबकी क्षेत्रात त्यांच्या इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन जोड्या झाल्या असत्या. फार ऊर्जेचे किरण सुटलेच नसते. पण ला पाल्मा बेटावरच्या 'मॅजिक' दुर्बिणीला २००८ मध्ये क्रॅबच्या गॅमा किरणांचे ठोके २,५०० कोटी इलेक्ट्रॉनव्होल्टच्या वर दिसले, ॲरिझोनातल्या 'व्हेरिटास'ला २०११ मध्ये १०,००० कोटींच्या वर, आणि २०१६ मध्ये मॅजिकने मजल दीड लाख कोटींपर्यंत नेली. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाचा कण दोन-तीन इलेक्ट्रॉनव्होल्टचा!

म्हणजे जन्मस्थान ताऱ्यापासून दूर हवं. ताऱ्याबरोबर फिरणाऱ्या चुंबकी क्षेत्राचा वेग बाहेर वाढत जातो आणि क्रॅबपासून सुमारे १,६०० किलोमीटरवर प्रकाशाच्या वेगाला भिडतो. नकाशावर मोजलं. तारा मानखुर्दला ठेवला, तर ही हद्द साधारण हानलेला येते.

१६ ऑक्टोबर, कोजागिरी
गच्चीवर दूध आटतंय. एवढ्या चांदण्यात त्या अंधुक चमका शोधणं कठीण.

२०२३ मध्ये नामिबियातल्या 'हेस' दुर्बिणीने वेला पल्सारचे ठोके २० लाख कोटी इलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत पाहिले. वेगवान इलेक्ट्रॉन साध्या प्रकाशकणाला धडकून त्याला एवढं बळ देत असावा. पण मग इलेक्ट्रॉनपाशी निदान तेवढी ऊर्जा आधी हवी. ती तो हद्दीच्या आतल्या कडेला कमावतो की हद्दीपलीकडच्या विद्युतप्रवाहाच्या पातळ पडद्यात, यावर तज्ज्ञांत वाद आहे. मला पलीकडचा पडदा पटतो. चुंबकरेषा तुटून पुन्हा जुळताना तिथं कणांना भरपूर रेटा मिळू शकतो.

वेला हानलेहून क्षितिजाला टेकलेला, मेसच्या कामाचा नाही. क्रॅब मात्र हिवाळ्यात जवळपास डोक्यावर येतो. २,५०० ते १०,००० कोटी इलेक्ट्रॉनव्होल्टमधली त्याच्या गॅमा किरणांची घसरण मेसने बारकाईनं मोजावी, ही माझी मनापासून इच्छा.