बोट लागली, की साखर उतरली?

डॉक्टर म्हणून आजवर मी शेकडो फिटनेस सर्टिफिकेटं लिहून दिली असतील. त्यातलं एक मात्र मी विसरत नाही. ते माझ्या एका जुन्या मित्राचं होतं. वय एकसष्ट, पंधरा वर्षांचा मधुमेह, बऱ्यापैकी आटोक्यात. सर्टिफिकेट हवं होतं ते शिडाच्या बोटीने समुद्रात जायला.

आमच्या कॉलेजात हा एनसीसीच्या नेव्हल विंगमध्ये होता. तेव्हापासून शिडाचं वेड. नोकरी, मुलांची शिक्षणं, घराचे हप्ते यात ते तीस वर्षं बाजूला पडलं. निवृत्त झाल्यावर त्याने दोघांच्या भागीदारीत एक जुनी चौतीस फुटी फायबरची बोट घेतली. आम्ही सगळे त्याला 'कॅप्टन' म्हणू लागलो. बेत असा की हिवाळ्यात वहिनींना घेऊन मुंबईहून निघायचं, रोज थोडं थोडं पुढे जायचं, संध्याकाळी एखाद्या खाडीत नांगर टाकायचा आणि असं बंदरं करत करत गोवा गाठायचं. पाश्चात्य देशांत पुष्कळ निवृत्त जोडपी असं जगतात. महिनोन्महिने बोट हेच घर. आपल्याकडे हे प्रमाण कमी असलं, तरी आपलं या छंदाशी नातं जुनं आहे. जगाची न थांबता एकट्याने पहिली सागरी प्रदक्षिणा १९६९ साली ज्या 'सुहैली' बोटीतून रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी पुरी केली, ती सागवानी बोट आपल्या मुंबईत बांधलेली. आणि २००९-१० मध्ये कमांडर दिलीप दोंदे यांनी एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय होण्याचा मान मिळवला, ती 'म्हादेई' गोव्यात बांधलेली.

असो. कॅप्टनची मी व्यवस्थित तपासणी केली. रक्तदाब, ईसीजी, किडनीच्या तपासण्या, पायांची संवेदना, डोळ्यांचा पडदा. लाइफ जॅकेट घाल, टोपी घाल, पाणी पीत राहा, असे सल्ले दिले. सही केली. एक प्रश्न मात्र विचारायचा राहिला. तो कोणता, ते पुढे सांगतो.

त्या सकाळी काय झालं

पहिला टप्पा मुंबई ते मुरूड. जानेवारी महिना, संक्रांत नुकतीच झालेली. बोटीवर कॅप्टन, वहिनी, मी आणि मदतीला थळचा एक कोळी मुलगा. साडेसहाला निघालो. पहाटे जमिनीकडून वाहणारा मतलई वारा छान होता. पाच नॉटचा वेग, म्हणजे ताशी सव्वानऊ किलोमीटर. सायकलवाला सहज मागे टाकील. पण शीड भरलेलं, इंजिन बंद, फक्त पाण्याचा आवाज. हा माणूस तीस वर्षं कशासाठी झुरला ते मला तेव्हा समजलं.

वहिनींनी डबाभर पोहे आणले होते. कॅप्टन म्हणाला, "आधी ही मोठ्या जहाजांची गर्दी पार करू दे. खांदेरीच्या जवळ गेलो की निवांत खाऊ."

प्रॉन्ग्ज दीपगृह मागे पडलं आणि नऊच्या सुमारास वारा पडला. सकाळचा मतलई संपला होता आणि दुपारचा खारा वारा सुरू व्हायला अवकाश होता. शिडात वारा असतो तेव्हा बोट एका बाजूला कलते, पण स्थिर राहते. वारा पडला की ती लाटेवर नुसती डुलत बसते. इंजिन सुरू केलं तर ते अडखळू लागलं. कॅप्टन खाली केबिनमध्ये उतरला आणि डिझेलचा फिल्टर साफ करत अर्धा तास वाकून बसला. वर आला तो थेट कठड्याकडे. उलटी.

"अहो, तुम्हाला तर कधी बोट लागत नाही!" वहिनी म्हणाल्या.

माझी अवस्था काही वेगळी नव्हती. बोट लागू नये म्हणून घ्यायची गोळी मी घरी न घेता मळमळू लागल्यावर घेतली आणि दहा मिनिटांत ती समुद्राला अर्पण केली. रुग्णांना 'आधी घ्या' असं बजावणारा मी! मग डोळे मिटून आडवा पडलो. पोह्यांच्या डब्याकडे कोणी पाहिलंही नाही.

साडेदहाला खांदेरीचा किल्ला दिसू लागला होता. कॅप्टन सुकाणूवर बसला होता, घामाघूम आणि गप्प. वहिनींनी काही विचारलं तर त्यांच्यावर खेकसला. हा माणूस बायकोवर कधी आवाज चढवत नाही. मी पडल्या पडल्या म्हणालो, "जाऊ द्या वहिनी, मळमळताना कोणाला बोलावंसं वाटत नाही."

तेवढ्यात तो कोळी मुलगा माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "डाक्टर, साहेबांना नुसती बोट लागलीय असं नाय वाटत मला. दोनदा सांगितलं पुढं जाळी हायेत, तरी बोट तिकडंच नेतायत. बोट लागलेला मानूस ओकतो, पण सुकानू सोडत नाय."

मी उठून बसलो. कॅप्टनचा हात सुकाणूवर होता, पण बोट भलतीकडेच चालली होती. मी त्याला नाव घेऊन हाक मारली. त्याने माझ्याकडे पाहिलं, पण ओळख नसल्यासारखं. आणि तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

"वहिनी, याने सकाळची गोळी घेतली होती?"

"हो, साडेपाचलाच. रोजच्यासारखी. गोळी, आंघोळ, मग नाश्ता."

नाश्ता झालाच नव्हता.

मुलाने सुकाणू हातात घेतलं. माझी बॅग केबिनमध्ये होती. खाली गेलो, दोनदा ओकलो, ग्लुकोमीटर घेऊन वर आलो. कॅप्टनची साखर ४४.

वहिनी घाईने तिळाचा लाडू पुढे करू लागल्या. मी म्हटलं, "लाडू नको, साखर द्या." तो गिळू शकत होता, हे नशीब. तीन चमचे साखर थोड्या पाण्यात विरघळवून घोट घोट पाजली. पंधरा मिनिटांनी ६३. पुन्हा तेवढीच साखर. आणखी पंधरा मिनिटांनी ९२. कॅप्टनने इकडेतिकडे पाहिलं आणि विचारलं, "सुकाणूवर हा कसा काय?"

मधल्या पाऊण तासातलं त्याला आजही काही आठवत नाही. वहिनींना सगळं आठवतं.

आम्ही मुरूडचा नाद सोडून मांडव्याला आलो आणि तिथून गाडीने अलिबागच्या रुग्णालयात. त्याला चोवीस तास देखरेखीखाली ठेवलं. संध्याकाळी साखर पुन्हा एकदा उतरली, पण तोवर सलाइन चालू होतं.

नेमकं काय बिघडलं?

गाडी लागते तशीच बोट लागते. आपल्या आतल्या कानात तोल सांभाळणारी यंत्रणा आहे. बोट डुलते तेव्हा कान सांगतो, 'आपण हलतोय'. केबिनमधल्या भिंती आणि हातातलं काम पाहणारे डोळे सांगतात, 'सगळं स्थिर आहे'. या दोन विरोधी बातम्यांनी मेंदू गोंधळतो. मग जांभया, घाम, मळमळ, उलटी. म्हणून बोट लागू लागली की वर मोकळ्या हवेत यावं, बोटीच्या मधल्या भागात बसावं आणि नजर क्षितिजावर ठेवावी. खाली वाकून वाचणं किंवा मोबाइल पाहणं टाळावं. कॅप्टनने नेमकं उलट केलं होतं, वर रिकामं पोट आणि डिझेलचा वास. 'मला कधी बोट लागत नाही' म्हणणाऱ्यालाही ती लागू शकते. ब्रिटिश आरमाराचा प्रख्यात सेनानी नेल्सन यालाही लागायची. दोन-तीन दिवस सलग समुद्रावर काढले की बहुतेकांना सवय होते.

आता दुसरा भाग. कॅप्टनच्या गोळ्यांमध्ये ग्लिमेपिराइड होती. ही गोळी स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन सोडायला लावते. पोटात अन्न आलं आहे की नाही, याची ती वाट पाहत नाही. गोळी पोटात आणि जेवण नाही, म्हणजे साखर खाली जाणार. शिवाय तिचा परिणाम बराच वेळ टिकतो, म्हणून एकदा साखर वर आली तरी ती पुन्हा उतरू शकते. रुग्णालयात जाण्याचं कारण हेच.

आणि खरी फसगत इथे आहे. घाम, मळमळ, गळून जाणं, गप्प होणं ही लक्षणं बोट लागण्याचीही आहेत आणि साखर उतरण्याचीही. फरक बुद्धीत दिसतो. बोट लागलेला माणूस हैराण असतो, पण भानावर असतो. असंबद्ध बोलणं, चिडचिड, नेहमीचं काम चुकणं ही मेंदूला साखर कमी पडल्याची खूण समजा. शंका आली की साखर तपासा. यंत्र नसेल तर सरळ साखर द्या. साखर थोडी वाढली तर काही बिघडत नाही. उतरलेली तशीच राहिली तर जीव जाऊ शकतो. तिळाचा लाडू, चॉकलेट, बिस्किट यांत तेल-तूप असल्याने साखर रक्तात उशिरा पोचते. आधी साखरेचं किंवा ग्लुकोजचं पाणी, सावरल्यावर लाडू. मात्र माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही ओतू नका, कुशीवर झोपवा आणि मदत बोलवा.

समुद्रावर जाण्याआधी

हे फक्त शिडाच्या बोटवाल्यांसाठी नाही. क्रूझने गोव्याला निघालेल्या, मालवणला बोटीत बसणाऱ्या किंवा घाटात गाडी लागणाऱ्या प्रत्येक मधुमेही माणसासाठी आहे.

१. बोट लागू नये म्हणून घ्यायची गोळी निघण्याआधी साधारण एक तास घ्या. तिने झोप येते, म्हणून बोट चालवणाऱ्याने ती आधी घरी घेऊन पाहावी. प्रोस्टेटचा किंवा काचबिंदूचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. सोबत दारू नकोच.

२. रिकाम्या पोटी निघू नका. थोडंसं, कमी तेलकट खाऊन निघा. साखर उतरवणारी गोळी खाणं समोर आल्यावर घ्या, घड्याळ पाहून नाही.

३. उलट्या होऊन अंगातलं पाणी कमी झालं, तर मेटफॉर्मिन, डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या, लघवी वाढवणारी औषधं आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या तात्पुरत्या थांबवाव्या लागतात. कोणत्या, ते निघण्याआधी लिहून घ्या. इन्सुलिन मात्र मनाने पूर्ण बंद करू नका.

४. औषधं, ग्लुकोमीटर आणि साखर हाताशी ठेवा, जलरोधक पिशवीत. माझ्यासारखी केबिनच्या तळाशी नको. इन्सुलिन उन्हात तापलेल्या केबिनमध्ये ठेवू नका.

५. तुमच्या आजाराबद्दल बोटीवरच्या सगळ्यांना सांगा. बोट कोणी दुसरा हाकू शकेल, अशी सोय हवी. तटरक्षक दलाचा मदत क्रमांक १५५४ आणि रेडिओचा चॅनेल १६ सर्वांना माहीत असू द्या.

लांबच्या समुद्रात ही मदत किती उशिरा पोचते, याचं उदाहरण आहे. २०१८ मध्ये नौदलाचे कमांडर अभिलाष टॉमी यांच्या पाठीला हिंदी महासागरातल्या वादळात गंभीर इजा झाली. तीन दिवस ते बोटीत पडून होते, मग सुटका झाली. आम्ही तर मांडव्यापासून तासाभरावर होतो.

तो राहिलेला प्रश्न

'जेवण पोटात राहिलं नाही, तर काय करशील?' हा तो प्रश्न. पंधरा वर्षांत मी तो कॅप्टनला एकदाही विचारला नव्हता, कारण घरात त्याचं जेवण कधी चुकलंच नव्हतं. मी घरातल्या माणसाला तपासलं आणि समुद्रावर जायचं सर्टिफिकेट दिलं. रुग्णालयाच्या व्हरांड्यात मी हे वहिनींना सांगितलं. त्या काही वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "भावजी, आता विचारा. मीही ऐकते."

घरी परतल्यावर मी त्याची गोळी बदलून साखर उतरण्याचा धोका कमी असलेली दिली. बोट विकून टाका, असं मुलाचं म्हणणं होतं. तो निर्णय मी कॅप्टन आणि वहिनींवर सोडला. पुढच्या डिसेंबरमध्ये दोघं पुन्हा निघाले आणि पहिल्या टप्प्याला मलाही नेलं. या वेळी मी गोळी घरूनच घेतली होती. प्रॉन्ग्ज दीपगृहाच्या अलीकडेच वहिनींनी पोह्यांचा डबा उघडला, सुकाणू स्वतः धरलं आणि म्हणाल्या, "आधी खा. बोट मी बघते."

दुपारी चारला मुरूडला नांगर टाकला.

तुम्हीही प्रवासाला निघत असाल, तर तुमच्या डॉक्टरांना हा प्रश्न आपण होऊन विचारा: "डॉक्टर, खाणं गेलं नाही किंवा उलटून पडलं, तर यातली कोणती गोळी घ्यायची नाही?" उत्तर कागदावर लिहून घ्या आणि तो कागद सोबतच्या माणसाकडेही द्या.