काळोखाची तजवीज

दिनांक 3 जून 2020 रोजी दुपारी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि श्रीवर्धनातील आमच्या आगरातल्या पोफळी ओळीने आडव्या झाल्या. विजेचे खांबही त्यांच्यासंगे कोसळल्यामुळे, दिवसभर पंचनाम्याची आणि कौले मिळवण्याची धांदल उरकल्यावर, पुढे कित्येक आठवडे रात्र येई ती निखळ काळोखाची. एरवी रस्त्यावरच्या दिव्याचा पांढरा झोत रात्रभर आमच्या माजघरात उतरत असे आणि उत्तररात्री माझी झोप मोडत असे. आता जेवणे होताच कंदील मालवला जाई, आणि उद्याची विवंचना उशाशी असूनही मला अशी गाढ निद्रा लागे की तिचे कारण शोधल्यावाचून राहवेना.

दिवस महामारीचे होते. प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून घरोघर काढे उकळत होते, परंतु निजण्याच्या खोलीतील उजेडाचा विचार कोणाच्या मनात नव्हता. वस्तुतः अंधार पडल्यावर मेंदूतील पीनियल ग्रंथी मेलाटोनिन हे संप्रेरक स्रवू लागते, आणि नेत्रपटलातील काही विशिष्ट पेशींनी प्रकाशाची, त्यातही निळसर प्रकाशाची, वर्दी दिली की तो स्राव मंदावतो. पूर्वरात्रीच्या गाढ निद्रेत कॉर्टिसॉल उतरलेले असते, आणि रक्तातील टी पेशी लसिकाग्रंथींकडे वळतात, जेथे रोगजंतूंच्या ओळखीचे दप्तर तयार होते. जर्मनीतील ल्युबेकच्या संशोधकांनी 2003 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, हिपॅटायटिस ‘ए’ची लस टोचून घेतल्यावर त्या रात्री झोपलेल्यांच्या रक्तात चार आठवड्यांनी आढळलेली प्रतिपिंडे, जागरण केलेल्यांच्या मानाने जवळजवळ दुप्पट होती. प्रयोग अवघ्या 19 जणांवरचा, म्हणून त्यावर सर्व भार टाकणे उचित नव्हे; तथापि 2015 साली अमेरिकेत 164 निरोगी माणसांच्या नाकात सर्दीचे विषाणू सोडले असता, सहा तासांहून कमी झोपणाऱ्यांस सर्दी जडण्याचा संभव सात तासांहून अधिक झोपणाऱ्यांच्या चौपट दिसला. काळोख औषधाची जागा घेईल असे मी म्हणत नाही. निद्रेची वाट तो मोकळी करतो, आणि तेवढ्यासाठीही तो जपला पाहिजे असे माझे ठाम मत आहे.

वीज परतल्यावर मी खिडकीस जाड पडदा लावला. पुढे 2021 मध्ये लस घेतली त्या रात्री घरातील सर्वांस आग्रहाने लवकर निजवले. मातोश्रींना मात्र रात्री उठावे लागते आणि या वयात पडणे परवडणारे नाही, म्हणून न्हाणीच्या वाटेवर जमिनीलगत एक मंद तांबूस दिवा ठेवला आहे. तांबड्या उजेडाने मेलाटोनिनला फारशी बाधा पोहोचत नाही.