शमीज आणि कमीज

परवा सक्करदऱ्याच्या बुधवार बाजारातून केंब्रिकचा तुकडा घेऊन एक मुलगी थेट दुकानात आली. "काकू, यातून एक शमीज निघेल न? अन् हे वरच्या कमीजचं." वहीत दोन्ही नावं एकाखाली एक लिहिली. इतकी वर्षं लिहितेय, तरी या दोन नावांपाशी पेन थबकतो. दोघी सख्ख्या बहिणी आहेत.

मूळ घर लॅटिन, नाव 'कामिसिया'. चौथ्या शतकाच्या अखेरीस संत जेरोमने एका पत्रात लिहिलंय, सैनिक अंगाला घट्ट बसणारे लिननचे कपडे घालतात, त्यांना कामिसिया म्हणतात. लिनन म्हणजे आपल्या जवसाच्याच झाडाचा धागा. स्पॅनिश-पोर्तुगीजांनी 'कामिसा' म्हणत 'क' जपला. इटालियनमध्ये 'कामीचा' झालं. फ्रेंचांनी मात्र 'क'चा 'श' केला: 'शमीझ'. अरबीत 'कमीस'. कुराणातल्या युसुफच्या गोष्टीत मागून फाटतो तो कमीसच. तोच पुढे आपल्याकडे कमीज झाला. माझे आजोबा शर्टाला खमीस म्हणत, तेही याच घरातलं.

आज फ्रान्समध्ये शमीझ म्हणजे पुरुषाचा शर्ट, आणि कागद ठेवायचं फोल्डरसुद्धा! इंग्रजांनी तो शब्द बाईच्या आतल्या कपड्यापुरता उचलला, आणि आपली शमीज त्यांच्याकडून आली.

कमीज अंगावरून बाहेर आली. तिला गळे, कळ्या, लेस मिळाली. शमीज जेरोमच्या वेळी होती तिथेच राहिली, कातडीला लागून. म्हणून मला ती जास्त जवळची. कुणाला दिसत नाही म्हणून तिची शिवण कशीही उरकतात, ते मला पटत नाही. मी तिला फ्रेंच शिवणच घालते. कापडाच्या उलट्या बाजू समोरासमोर ठेवून पहिली टीप, कडा बारीक कातरायच्या, मग कापड उलटवून त्या कडा पोटात घेत दुसरी टीप. आत एक दोरा लोंबत नाही. मुंढ्यात काही टोचत नाही. वेळ दुप्पट लागतो, शिलाई मी तेवढीच घेते.

शमीज शिवायला टाकाल तेव्हा जुन्या कमीजवरून माप देऊ नका. अंगावर घेऊ द्या.