महेश्वर : नर्मदाकाठचे माग

इंदूरहून निघालेली गाडी महू, मानपूर मागे टाकून विंध्याचा घाट उतरू लागली की हवाच बदलते. माळव्याचं पठार वर राहतं आणि समोर निमाड पसरतो : कपाशीची शेतं, मोकळं आभाळ, अंगाला लागणारा उष्ण वारा. धामणोदला आग्रा रोड सोडला की महेश्वर फार लांब नाही.

गावात शिरल्यावर पाय आपसूक घाटाकडे वळतात. काळ्या दगडाच्या पायऱ्या थेट नर्मदेच्या पाण्यात उतरलेल्या, पाठीशी किल्ल्याची उंच भिंत. चौंडीच्या शिंद्यांच्या लेकीनं, अहिल्याबाई होळकरांनी, १७६७ मध्ये होळकरांची गादी सांभाळली आणि राजधानीसाठी इंदूर सोडून हे नदीकाठचं गाव निवडलं. पती खंडेराव, सासरे मल्हारराव, मुलगा मालेराव असे तिघेही तोवर गेले होते. वाड्यात अहिल्याबाईंची बैठक पाहायला मिळते. तिचा साधेपणा पाहून अवघडायला होतं. इतक्या मोठ्या दौलतीचा कारभार इथून चालत होता!

विणकाम महेश्वरात त्यांच्या आधीपासून होतं. त्यांनी त्याला आश्रय दिला, बुऱ्हाणपूर-सुरतेकडून विणकर आणून वसवले, आणि दरबारातून भेट द्यायची लुगडी-पागोटी इथेच विणून घेतली. घाटावर फिरताना भिंतीवरची कोरीव वेलबुट्टी निरखून पाहा. विटेची, चटईची, लहरींची जी नक्षी दगडात दिसते, तीच महेश्वरी साडीच्या काठावर उतरली आहे.

१७९५ मध्ये अहिल्याबाई गेल्या. १८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर राजधानी इंदूरला गेली आणि गिऱ्हाईकही तिच्यामागे गेलं. पुढे गिरणीचं स्वस्त कापड आलं. १९७० च्या दशकापर्यंत बहुतेक माग थंडावले होते. त्या दशकाच्या अखेरीस होळकर घराण्यातल्या रिचर्ड आणि सॅली होळकर यांनी ‘रेहवा सोसायटी’ ही ना-नफा संस्था सुरू केली. रेहवा हे नर्मदेचंच एक नाव. पूर्वी बायका घरी कांड्या भरायच्या आणि मागावर पुरुष बसायचे. रेहवानं बायकांना मागावर बसवलं, आणि विक्रीतून उरलेला पैसा विणकरांची घरं, औषधपाणी, मुलांची शाळा यांकडे वळवला. मला या गावातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच वाटते.

किल्ल्यालगतच्या कार्यशाळेत एक बाई नवा ताणा जोडत होती. संपत आलेल्या ताण्याच्या टोकाला नव्या ताण्याचा एकेक धागा चिमटीत धरायचा, पीळ द्यायचा, की पुढचा. उभा ताणा केसासारख्या रेशमाचा, आडवा बाणा सुताचा. म्हणून तर महेश्वरी अंगावर इतकी हलकी बसते. धागे हजारोंच्या घरात, आणि तिची नजर एकदाही ढळली नाही. शेजारच्या मागावर धोटा इकडून तिकडे धावत होता. पायाखाली पावडी दबली की खट्, फणी ठोकली की धप्. काठ दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो, त्यामुळे साडी उलटसुलट कशीही नेसता येते.

हातमागाला वीज लागत नाही, माग घरातच मावतो, आणि विणकराला पोट भरायला गाव सोडावं लागत नाही. पर्यावरणाच्या दृष्टीनं ही जमेची बाजू खरीच. पण सुताला रासायनिक रंगही वापरले जातात, रेशीम दुरून येतं. म्हणून हातमागाचं सारंच निर्मळ असं मी म्हणणार नाही. शाश्वत कापडाची चर्चा आपण धाग्यापाशी आणि रंगापाशी थांबवतो, विणणाऱ्या माणसापर्यंत नेत नाही, हे मला खटकतं. चौथ्या हातमाग गणनेनुसार (२०१९-२०) देशात ३५ लाखांहून अधिक लोक या व्यवसायात आहेत, त्यांत ७० टक्क्यांहून जास्त स्त्रिया. आणि जवळपास दोन तृतीयांश विणकर कुटुंबांचं मासिक उत्पन्न ५,००० रुपयांच्या आत आहे. एवढ्या पैशात कुठली आई मुलीला मागावर बसायला सांगेल? विणकराच्या घरात पुढची पिढी मागाकडे वळली नाही, तर सेंद्रिय कापूस आणि नैसर्गिक रंग घेऊन विणणार कोण?

सॅली होळकर यांनीच पुढे उभारलेल्या ‘विमेनवीव्ह’ या संस्थेनं हा प्रश्न हातात घेतला. ‘गुडी मुडी’ प्रकल्पात स्थानिक कापसाचं सूत कातून त्याची खादी विणली जाते, आणि ‘हँडलूम स्कूल’मध्ये तरुण विणकर विणण्यासोबत डिझाइन आणि धंद्याचा हिशेबही शिकतात. आपल्या कापडाची किंमत विणकराला स्वतः ठरवता आली, तर तो माग सोडणार नाही, असं मला वाटतं.

महेश्वरला गेलात तर घाटावरच्या संध्याकाळइतकाच वेळ विणकरांच्या गल्लीतल्या सकाळसाठी राखून ठेवा. साडी घेताना हातमागाचं चिन्ह बघा, ती कोणी विणली आणि तिला किती दिवस लागले ते विचारा. आणि किंमत ऐकल्यावर कृपा करून घासाघीस करू नका.